पश्चिमेची भिंत : आतून उष्णतारोधन केलेल्या एका खोलीचे प्रकरण

अलिबाग तालुक्यात नागाव आणि चौल यांच्या दरम्यान, समुद्रापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, सुपारीच्या वाडीत हे घर आहे. मूळ घर काळ्या दगडाच्या जोत्यावरचे, कौलारू. त्याला पश्चिमेकडून १९८७ साली एक खोली जोडली गेली. तिच्या भिंती नऊ इंची भर विटांच्या, दोन्ही बाजूंना सिमेंटचा गिलावा आणि वर स्लॅब. घरमालक निवृत्त शिक्षक असून ते पती-पत्नी, म्हणजे सर आणि काकू, वर्षभर जुन्या भागात राहतात. पश्चिमेची खोली मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्या मुलाच्या कुटुंबासाठी राखलेली आहे. शेवटची ही बाब किरकोळ वाटली, तरी पुढे ती महत्त्वाची ठरली.

मुलाची मूळ तक्रार ओलीची नव्हती, उकाड्याची होती. नऊ इंची विटेतून उष्णता आत पोहोचायला साधारण सहा-सात तास लागतात. त्यामुळे दुपारी तीन-चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेले ऊन रात्री नऊ-दहाला, म्हणजे ऐन झोपायच्या वेळी, खोलीत उतरते. उन्हाळ्यात त्या भिंतीला रात्री हात लावला तर चूल विझल्यानंतरच्या ओट्यासारखी ती कोमट लागत असे. अशा भिंतीतून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे, जवळजवळ २ वॅट उष्णता जाते. हा आकडा खाली आणायचा म्हणून मुलाने इंग्लंडमधल्या जुन्या भर विटांच्या घरांसाठी दिलेला एक आराखडा मिळवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अंतर्गत सजावटीच्या ठेकेदाराकडून तो जसाच्या तसा करून घेतला. विटेच्या भिंतीला लागून जीआय चॅनेलची (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांची) चौकट, चॅनेलच्या मध्ये ५० मिलिमीटर जाडीची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), तिच्यावर खोलीच्या बाजूने सांधे टेपने बंद केलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा पडदा, त्यावर जिप्सम बोर्ड आणि सर्वांत वर व्हिनाइलचा वॉलपेपर, अशी ती रचना होती. हिशेबाने उष्णतेचा ओघ ०.५५ वॅटपर्यंत उतरायला हवा होता आणि तो उतरलाही असावा, कारण त्या वर्षीचा एप्रिल-मे सर्वांनी सुखाने काढला. कारागिराने काम चोख केले होते, आणि या प्रकरणातली मुख्य अडचण तीच होती.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला. जुलैअखेर खोलीत कुबट वास येऊ लागला. ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात मला बोलावणे आले. काकूंचे म्हणणे नेमके होते : “रात्रभर एसी लावून सकाळी दार उघडलं की वास अंगावर येतो. भिंत बघावी तर कोरडी.” भिंत खरोखरच कोरडी दिसत होती. वॉलपेपरवर एकही डाग नव्हता, फक्त स्कर्टिंगच्या वर वीतभर पट्ट्यात तो किंचित सैल झाला होता आणि तिथे बोट दाबले की बोर्ड आत जात होता.

सरांच्या परवानगीने खिडकीखाली, जमिनीलगत, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच असा चौकोन कापला. कटर भिजलेल्या पुठ्ठ्यातून जावा तसा गेला. बोर्डाच्या पाठीच्या कागदावर तीळ पेरावेत तशी काळी-हिरवी बुरशी होती. ती खालून दाट आणि वर विरळ होत गेलेली होती आणि दीड फुटाच्या वर बोर्ड कोरडा होता. मग फॉइल कापले. त्याची खोलीकडची बाजू कोरडी, पण विटेकडची बाजू खालपासून वरपर्यंत थेंबांनी भरलेली होती आणि थेंब ओघळून रेषा पडल्या होत्या. रॉकवूल पाणी पिऊन चार बोटे खाली बसली होती. सर्वांत खालच्या आडव्या चॅनेलमध्ये गंजाने तांबूस झालेले पाणी साचले होते आणि जिप्सम बोर्डाची कड त्यात उभी होती. म्हणजे बोर्ड समोरून भिजलाच नव्हता. दिव्यातल्या वातीसारखे त्याने तळातून पाणी ओढले होते.

उत्तरेच्या भिंतीवरही हेच काम चार फूट वळवून घेतले होते. ती भिंत जुन्या घराच्या वळचणीखाली आहे, तिला पाऊस लागत नाही. तिथे दुसरा चौकोन कापला, तेव्हा फॉइलच्या पाठीवर आरशावर फुंकर मारावी तसे धुके होते, पण ओघळ नव्हते आणि चॅनेल कोरडा होता. घर तेच, रचना तीच, वापरही तोच. दोन भिंतींत फरक फक्त पावसाचा होता. या तुलनेवरून एवढे स्पष्ट झाले की पाणी दोन वाटांनी आले होते : एक हवेतील बाष्पाची, ती दोन्हीकडे होती, दुसरी भिंतीने प्यालेल्या पावसाची, ती केवळ पश्चिमेला होती. नुकसान मुख्यतः दुसरीने केले होते.

आराखडा कुठे उलटला

थंड देशात घर आतून उबदार असते. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचा श्वास यांमुळे आतल्या हवेत बाष्प जास्त असते आणि ते बाहेरच्या कोरड्या थंडीकडे ओढले जाते. भिंतीला आतून उष्णतारोधक लावला की मूळ वीट पूर्वीपेक्षा गार पडते आणि आतले बाष्प तिच्यापर्यंत पोहोचले तर तिथे त्याचे पाणी होते. म्हणून तिकडचा नियम असा, की बाष्प अडवणारा पडदा उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या बाजूला लावावा. तिकडे तो योग्यच आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र उबदार आणि ओली बाजू बाहेरची असते.

आकड्यांत मांडायचे तर जुलैमध्ये बाहेर २७ अंश तापमान आणि ८८ टक्के सापेक्ष आर्द्रता ही अलिबागकडे नेहमीची स्थिती आहे. अशा हवेचा दवबिंदू जवळजवळ २५ अंश येतो, म्हणजे २५ अंशांहून गार पृष्ठभाग दिसला की ती तिथे पाणी सोडते. पावसाळ्याच्या तोंडावर दमट वारे सुटले की घरातल्या लाद्यांना पाणी सुटते, त्याचे कारण हेच आहे. खोलीत एसी २० अंशांवर लावला जात होता. भिंतीच्या थरांचा हिशेब केला तर त्या वेळी फॉइलचे तापमान २१ अंशांच्या आत येते. बाहेरची हवा विटेच्या छिद्रांतून आणि भेगांतून रॉकवूलमध्ये शिरते, रॉकवूल बाष्पाला अडवत नाही, आणि पुढे हवाबंद टेप लावलेले, दवबिंदूपेक्षा चार अंशांनी गार असे फॉइल उभे असते. तिथे पाणी सुटले नसते तरच नवल. एसी २४ अंशांवर ठेवला असता तरी फॉइल २४.३ अंशांच्या आसपास, म्हणजे दवबिंदूच्या किंचित खालीच राहिले असते. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीची मूळ मांडणी २४ अंशांची असते. विजेच्या दृष्टीने ती सुधारणा आहे, पण पावसाळ्यातल्या किनाऱ्यावर अशा भिंतीला तीही पुरत नाही.

हे झाले केवळ हवेतल्या बाष्पाचे. उत्तरेच्या भिंतीवरचे धुके एवढ्यानेच आले. पश्चिमेची गोष्ट अधिक गंभीर आहे. अरबी समुद्रावरून येणारी झड त्या भिंतीवर आडवी बसते. अलिबागला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा वाऱ्याबरोबर येतो. झड थांबून दुपारी दोन तास ऊन पडले की भिजलेली वीट तापते. ओल्या विटेच्या छिद्रांतली हवा बाष्पाने संपृक्त असते, म्हणून वीट ३५ अंशांना गेली की त्या हवेचा दवबिंदूही ३५ अंशच होतो. मग एसी २६ वर असो की बंद असो, हे बाष्प आत ढकलले जाणार आणि पहिल्या बंद पडद्यावर पाणी होऊन ओघळणार. आपल्याकडे आतून उष्णतारोधन बिघडवणारे मुख्य कारण हे ‘ऊन-पाऊस’ आहे. बाष्पाचे गणित करण्याची जी जुनी पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ग्लेझर यांनी मांडली, तिच्यात पावसाचे पाणी आणि ते शोषणारी वीट यांचा विचारच नाही. त्यामुळे त्या पद्धतीने काढलेला ‘सुरक्षित’ असा निष्कर्ष इथे कोणी दाखवला, तर मी त्यावर विसंबत नाही.

बाहेरून काय दिसले

पाऊस उघडलेला दिवस पाहून बाहेरची बाजू तपासली. खिडकीच्या सिलला पाणी तोडणारी खाच नव्हती, त्यामुळे सिलवरचे पाणी तिच्या पोटाखालून वळून थेट गिलाव्यात जात होते. छज्जा जेमतेम नऊ इंचांचा. लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईच्या, टोकाकडून खाली गेलेल्या दोन केसभेगा होत्या. २०२१ मध्ये भिंतीला वॉटरप्रूफ रंगाचे दोन जाड हात दिले होते, ते अजून चांगले दिसत होते. हा रंग मला नेहमी कोड्यात टाकतो. बाहेरचे बाष्प बाहेरच अडवायचे असेल तर कागदावर तो योग्य आहे. पण भेग पडली की तिच्यातून गेलेले पाणी त्याच रंगामुळे परत बाहेर पडू शकत नाही. पाइपने वीस मिनिटे पाणी मारल्यावर भेगांच्या कडेने रंगाखाली फुगवटे आले आणि ते दाबल्यावर पाणी बाहेर आले.

तळाशी आणखी एक गोष्ट होती. पूर्वी तिथे शेणाने सारवलेले खळे होते. रंगाच्याच वर्षी मुलाने त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. पेव्हरची पातळी जोत्याच्या डीपीसीच्या तीन इंच वर गेली होती आणि उतार भिंतीकडे होता. जमिनीतली ओल अडवणारा थर असा बाहेरूनच ओलांडला गेला होता.

राहिला लोणा, म्हणजे भिंतीतून फुटून येणारे मीठ. बोर्ड काढल्यावर आतल्या जुन्या गिलाव्यावर कंबरेपर्यंत पांढरा, कापसासारखा लोणा फुटलेला दिसला. सरांच्या आठवणीप्रमाणे १९८७ च्या बांधकामात खाडीची वाळू वापरली गेली होती, आणि त्या काळी ते सर्रास चाले. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते आणि त्याखाली आली की पुन्हा स्फटिक होते. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता ७५ च्या खाली क्वचितच येते. म्हणून गळती पूर्ण थांबवली तरी मीठ धरलेली भिंत पावसाळाभर ओलसर लागते आणि घरमालक विनाकारण छतावर गळती शोधत बसतो. इथे त्यात आठवड्याच्या शेवटी चालणाऱ्या एसीची भर पडली होती. शनिवारी एसी लागला की हवा कोरडी होऊन मीठ फुलायचे, सोमवारी खोली बंद झाली की ते विरघळायचे. दर आठवड्याला एक फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यात गिलाव्याचे कण सुटत गेले. रोज एसी चालणाऱ्या घरापेक्षा शनिवार-रविवारच्या घराची भिंत लवकर सोलते, हे मी या पट्ट्यात अनेकदा पाहिले आहे.

काय केले आणि कोणत्या क्रमाने

मुलाचा प्रश्न रास्त होता : पडदा चुकीच्या बाजूला होता, तर तो विटेच्या बाजूला घेऊन पुन्हा काम का करू नये, किंवा एक्सपीएससारखा बंद पेशींचा फोम भिंतीला पूर्ण चिकटवून का टाकू नये? नव्या, कोरड्या, पावसापासून झाकलेल्या आणि मीठ नसलेल्या भिंतीवर मी याला हरकत घेतली नसती, मात्र गोंद ठिपक्याठिपक्यांनी न लावता सलग लावण्याच्या अटीवर, कारण मागे पोकळी राहिली की तिथे हवा फिरते. इथली भिंत ओली आणि खारट होती आणि तिच्या बाहेर रंगाचा बंद थर होता. आतूनही फोम लावला असता तर ती दोन्ही बाजूंनी कोंडली गेली असती आणि मीठ खिडकीच्या चौकटीकडून वाट काढत बाहेर आले असते. म्हणून निर्णय असा झाला की आधी पाऊस अडवायचा, मग भिंत सुकवायची आणि त्यानंतर जे काही लावायचे ते भिंतीला आतल्या बाजूने सुकू देणारे असावे.

पाऊस अडवण्यासाठी पश्चिमेला साडेचार फुटांची पडवी काढली, लाकडी वाशांवर मंगलोरी कौलांची. स्लॅबच्या खाली जिथे पाखा भिंतीला टेकतो तिथे गवंडीकाकांनी वाटा (सांध्यावरची गोलाई) घोळून घेतला. खर्चाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी बाब होती आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वाद झाला, कारण मुलाच्या मते पडवी म्हणजे ‘उष्णतारोधन’ नव्हे. सरांनी तो वाद एका वाक्यात संपवला : “माझे वडील दर मे महिन्यात या बाजूला झावळ्यांची झापं बांधायचे, ते काही हौसेनं नाही.” झापांनी झड आणि ऊन दोन्ही अडत. पडवीनेही तेच होते : ज्या उन्हासाठी हे सगळे सुरू झाले ते आता भिंतीवर जेमतेम मावळतीचा तासभर पडते. पेव्हरची भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी उकरून तिथे खडी भरली आणि उतार वाडीकडे काढला. सिलला खाच पाडली. बाहेरचा फुगलेला रंग खरवडून भेगा चुन्याच्या कालव्याने भरल्या आणि वर पुन्हा बंद करणारा रंग न देता चुन्याचे हात दिले.

आतले सगळे पॅनेलिंग ऑगस्टमध्येच काढले होते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आतला सिमेंटचा गिलावा पूर्ण टाचून काढला आणि विटांचे सांधे पाऊण इंच खोल कोरले. लोणा पाण्याने धुऊ नये, कारण पाण्याबरोबर तो पुन्हा विटेत जातो. तो कोरड्या खराट्याने झाडायचा आणि खाली पडलेली पांढरी भुकटी लगेच उचलून बाहेर न्यायची. काकूंनी हे काम दर पंधरा दिवसांनी स्वतः केले; पहिल्या वेळी सुपलीभर निघालेली भुकटी जानेवारीत चिमूटभर राहिली. भिंतीच्या इंचाला एक महिना असा सुकण्याचा ढोबळ ठोकताळा आहे. ही भिंत दोन्ही बाजूंनी उघडी होती आणि ऑक्टोबरचा उकाडा मदतीला होता, तरी पाच महिने दिले. फेब्रुवारीत विटेवर दोन फूट बाय दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवला. त्याच्या आतल्या बाजूला पाणी आले नाही, तेव्हाच पुढचे काम घेतले.

उष्णतारोधक म्हणून चुना आणि वर्मिक्युलाइटचा गिलावा निवडला, एकूण ४० मिलिमीटर, तीन हातांत. चुना तीन आठवडे भिजत घातलेला, वाळू नदीची आणि धुतलेली. वर्मिक्युलाइट हा भाजल्यावर लाहीसारखा फुललेला खनिज पदार्थ असून त्याच्यात अडकलेली हवा उष्णता अडवते. गिलावा हलका असतो आणि थापी मारताना तो दबू नये याची काळजी घ्यावी लागते. गवंडीकाकांना पहिला हात दोनदा काढून पुन्हा द्यावा लागला, कारण सिमेंटच्या सवयीने ते रंधा दाबून फिरवत होते आणि फुललेला दाणा चेपला की त्याचा उपयोग संपतो. वर प्लॅस्टिक इमल्शन नाही, वॉलपेपर नाही, फक्त चुन्याचे हात. या गिलाव्याने उष्णतेचा ओघ २ वॅटवरून साधारण १.२ ते १.३ वर येतो. रॉकवूलच्या ०.५५ च्या तुलनेत हे रोधन कमी आहे, आणि ते मी मुलाला आधीच सांगितले होते. पण भिंतीवरचे ऊनच गेल्यावर उरलेल्या फरकाला फारसा अर्थ राहत नाही, आणि या गिलाव्यात कुजण्यासारखे, बुरशीला खाण्यासारखे काहीच नाही. कागद नाही, पुठ्ठा नाही. आणि चुना क्षारीय असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही.

एसीबाबत दोन बदल झाले. १२० चौरस फुटांच्या खोलीत दीड टनाचे यंत्र होते. असे मोठे यंत्र हवा पटकन गार करते आणि ओल काढून टाकण्याआधीच थांबते. त्याच्या जागी एक टनाचा एसी आला आणि तो २६ अंशांवर ठेवून पंखा लावण्याचे ठरले. २६ अंशांना आतला कोणताही पृष्ठभाग जुलैच्या २५ अंशांच्या दवबिंदूखाली जात नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

पुढचे दोन पावसाळे

खिडकीशेजारी गिलाव्यातून विटेपर्यंत पेन्सिलीएवढे एक भोक ठेवून त्याला लाकडी बूच लावले आहे. त्यातून आर्द्रतामापकाची कांडी आत घालता येते. २०२३ च्या जुलैत विटेलगतची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास होती. हा आकडा ऐकून मुलगा धास्तावला. पण बाहेरच्या हवेतही तेवढीच होती, म्हणजे भिंत हवेबरोबर समतोलात होती, तिच्यात वेगळे पाणी साचत नव्हते. दोन रात्री एसी चालल्यावर आकडा ७८ पर्यंत उतरला. आधीच्या रचनेत एसी लावल्यावर भिंत अधिक भिजत असे, आता ती एसीने सुकते. नोव्हेंबरमध्ये वाचन ६५ च्या खाली आले.

सगळे निर्दोष झाले असे नाही. लिंटेलच्या काँक्रीटवर गिलाव्याची जाडी २० मिलिमीटरच देता आली आणि २०२३ मध्ये तिथे मुलांनी सुट्टीत एसी २२ वर चालवला तेव्हा बुरशीच्या टिपक्यांची रेघ उमटली. ती पुसून चुन्याचा हात दिल्यावर परत आली नाही. नैऋत्येच्या कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर, लोणा अजून दर पावसाळ्यानंतर फुटतो. तिथे कपाट भिंतीला चिकटवून ठेवले होते, ते तीन इंच पुढे ओढायला लावले. तेवढ्या भागातला गिलावा मीठ ओढून घेण्यासाठीच आहे, तो पाच-सात वर्षांनी टाचून नवा करावा लागेल, हे सरांना लिहून दिले आहे. २०२४ च्या गणपतीत मी गेलो तेव्हा काकूंनी कोपऱ्यातली भुकटी झाडून कागदाच्या पुडीत जपून ठेवली होती. गेल्या वर्षीच्या पुडीशेजारी ती ठेवून त्या म्हणाल्या, “ही निम्मी भरते का बघा.” निम्म्याहून थोडी जास्त होती.